शेळीच्या कानात बिल्ला, ठगाला मोकळं रान

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मी दहा गाभण शेळ्या आणि एक बोकड विकायला काढला. भाव बाजाराच्या निम्मा. कारण दवाखान्याची अडचण. इसार पाच हजार, बाकीचे पैसे शेळ्या दारात उतरल्यावर. हे सगळं मी केलं आणि मलाच ठाऊक नव्हतं. मी त्या वेळी वाड्यात शेळ्यांना जंताचं औषध पाजत होतो. एक पाठ हिसडा मारून पळाली होती, तिच्यामागं मी चिखलात पळत होतो आणि फोन गोठ्याच्या भिंतीवर पडून होता. फोनला हात न लावता मी दोन माणसांना गंडवलं. माझ्या नावानं, माझ्या फोटोनं, माझ्याच ग्रुपवर.

ग्रुप शेळ्यांचा. हजाराच्या आसपास माणसं. कळंब, भूम, परंडा, उमरगा, लोहारा, शिवाय बार्शी-औशाकडची. मी निवृत्त मास्तर, पंधरा-वीस उस्मानाबादी शेळ्या बाळगून असलेला. मास्तर म्हटल्यावर हिशेबाला बरा, भांडण मिटवायला बरा, म्हणून पोरांनी मला ॲडमिन करून टाकलं. तेव्हापासून ग्रुपवर फसवाफसवीचा विषय निघाला की मी ठरलेलं भाषण ठोकायचो. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, सावध राहा. शाळेत पस्तीस वर्षं 'गडबड करू नका' म्हणण्यात गेली, त्याचाच हा पुढचा भाग. पोरांनी तेव्हाही ऐकलं नाही आणि आता तर मीच ऐकलं नाही.

झालं असं. सकाळी ग्रुपमधल्याच एका ओळखीच्या पोराचा मेसेज आला. त्याच्याकडून मी मागं एक बोकड घेतलेला. "सर, माझा एक कोड चुकून तुमच्या नंबरवर गेलाय. सहा आकडे आहेत, टाका ना लवकर." मी टाकला. तो पोरगा तो नव्हताच. त्याचं खातं आदल्या रात्रीच कुणीतरी बळकावलं होतं. आणि तो कोडही त्याचा नव्हता, माझ्याच खात्याची किल्ली होती. ठगानं स्वतःच्या फोनमध्ये माझा नंबर टाकला, ॲपनं खात्री करायला मला कोड धाडला, आणि मी तो स्वतःच्या हातानं त्याच्या ओंजळीत घातला. 'हा कोड कुणालाही सांगू नका' असं त्या एसएमएसमध्ये लिहिलेलं होतं. इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि मी चष्मा न लावता फक्त आकडे वाचले. आत शिरल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते आतून कडी घालण्याचं, म्हणजे खात्याला स्वतःचा पिन लावण्याचं. संध्याकाळी भाच्यानं नवा कोड मागवून त्याला बाहेर काढलं खरं, पण ॲप मला म्हणालं, पिन सांगा. ठाऊक नसेल तर सात दिवस थांबा. चोर पळाला आणि घरधनी सात दिवस उंबऱ्याबाहेर.

मग भाच्याच्या फोनवर मी 'माझे' मेसेज वाचले. मराठी माझ्याहून नेटकी. पूर्वी असल्या मेसेजची भाषा 'आपला खाता आज रात्री बंद होऊन जाईल' छापाची असायची, चोर क्रियापदावरून ओळखू यायचा. आता मराठी मशीनच लिहून देतं. शुद्धलेखनावर चोर पकडायचे दिवस गेले, याचं मास्तर म्हणून मला वेगळं दुःख आहे. एकच शब्द सापडला: 'टोकन'. मी जन्मात कधी टोकन म्हटलेलं नाही. आमच्याकडं इसार असतो. हजार माणसांत कुणालाही तो शब्द खटकला नाही, कारण खरे व्यवहार करणारी आमची पोरंसुद्धा हल्ली टोकनच म्हणतात.

लोहाऱ्याकडच्या एका पोराचे पाच हजार गेले. परंड्याकडच्या एका आबांचे बारा हजार. पाच इसाराचे आणि सात 'गाडी भरली, टेम्पोवाल्याला डिझेलला द्यायचेत' म्हणून.

आता यावर गावातल्या शहाण्यांनी काय म्हणावं? "निम्म्या भावात कोण देतं व्हय? लोभ नडला." हा लोभाचा सिद्धांत मला आता ऐकवत नाही. वर्तमानपत्र उघडा, लोभ. टीव्ही लावा, लोभ. ठाण्यात जा, तिथंही लोभ. अहो, जूनमध्ये निम्म्या भावात शेळी विकली जाते! दरवर्षी जाते. बी-भरणाला पैसा नसतो, पोरीचं लग्न ठरलेलं असतं, म्हाताऱ्याचं ऑपरेशन निघतं, आणि माणूस दावणीची शेळी सोडतो. अडीनडीला विकता येते म्हणूनच तर गरीब माणूस शेळी पाळतो. दवाखान्याचं कारण सांगून मोडीत शेळ्या काढणारा माणूस आमच्या तालुक्यात संशयास्पद नसतो, तो शेजारी असतो. ठगानं आमच्या लोभाला नाही, आमच्या अडचणीच्या ओळखीला गळ लावला. ज्या आबांनी बारा हजार घातले ते लुबाडायला निघाले नव्हते. त्यांनी मेसेज केला होता, "सर, घरात कोन आजारी हाय? पैशे आधी पाठवू का?" हा मेसेज मी वाचला. ठगानंही वाचला असेल.

बाजारात काय साधुसंत येतात असं मी म्हणत नाही. माझी सगळी हयात आठवडी बाजारात गेली आहे. वजन वाढावं म्हणून मीठ चारून वर बादलीभर पाणी पाजलेला बोकड मी घेतला आहे. दोन दिवस दूध न काढता कास तुंबवून दुधाळ म्हणून उभी केलेली शेळी पाहिली आहे. गाभण म्हणून भाकड गळ्यात मारणारे आहेत, सहा दाती जनावर चार दाती म्हणून सांगताना आई तुळजाभवानीची शपथ घेणारे आहेत. दलाल तर रुमालाखाली बोटं धरून सौदा करतो. त्या रुमालाखाली काय शिजतं ते घेणाऱ्याला निम्मं कळतं, देणाऱ्याला निम्मं.

पण रुमालाखाली भाव लपतो, जनावर लपत नाही. ते समोर उभं असतं. जबडा उघडून दात मोजता येतात, सड दाबून बघता येतात, चार पावलं चालवून खूर बघता येतो. आणि विकणाऱ्याला कान असतात, पाय असतात, गाव असतं. पुढच्या आठवड्याला त्याला त्याच झाडाखाली उभं राहायचं असतं. भाकड शेळी दिली तर चार माणसं मधे पडतात, दलालाला चहाच्या टपरीवर बसवतात आणि काहीतरी तोड निघते. पावतीवर घेणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव, जनावराचा रंग, शिंगं, सगळं येतं. लबाडी असते, तिला पत्ताही असतो.

हा बाजार आम्ही फोनमध्ये नेला. झाड नेलं नाही, टपरी नेली नाही, मधे पडणारी चार माणसं नेली नाहीत. रुमाल तेवढा नेला.

आणि सरकारची गंमत बघा. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करायची नाही, असा राज्य सरकारनं निर्णय काढला. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे, ते ऑनलाइन नोंदवायचे. चांगला निर्णय आहे, मी माझ्या शेळ्यांना बिल्ले मारून घेतले. म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की माझ्या वाड्यातली प्रत्येक पाठ सरकारला नावानिशी ठाऊक आहे. ती कुणाची, कुठं असते, लस कधी टोचली, सगळं. आणि ती पाठ विकायला ग्रुपवर जो उभा राहतो, तो खरा की तोतया, हे विचारायची कुणाचीच जबाबदारी नाही. फोटो लावा, नाव लावा, विका. शेळीला ओळखपत्र सक्तीचं, विक्रेत्याला ऐच्छिक.

नावाचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्याइतका नावाचा सोस कुणाला नसेल. उस्मानाबादचं धाराशिव करायचा ठराव मंत्रिमंडळानं २९ जून २०२२ ला केला, केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, प्रकरण हायकोर्टात गेलं, मे २०२४ मध्ये तिथं निकाल लागला. जिल्ह्याला आपलं नाव बदलून घ्यायला सरकार, केंद्र आणि कोर्ट एवढं सगळं ओलांडावं लागलं. शेळी बिचारी अजून उस्मानाबादीच आहे, तिच्यासाठी कुणी ठराव केलेला नाही. आणि माझं नाव दुसऱ्याच्या अंगावर चढायला लागले सहा आकडे.

हे एकट्या शेळ्यांचं नाही. जुनी बुलेट, जुना ट्रॅक्टर, फ्रिज, जे विकायला काढाल त्याला गिऱ्हाईक म्हणून 'फौजी' येतो. ओएलएक्ससारख्या साइटवर हा प्रकार इतका मुरला आहे की त्याचा साचाच झालाय. गणवेशातला फोटो, कॅन्टीनचं कार्ड, आधारचा फोटो, 'बदली झालीय, गाडी लष्कराच्या ट्रान्सपोर्टनं नेतो' अशी हिंदी. आमच्याकडं घराघरातून पोरं फौजेत आहेत. गणवेश दिसला की माणूस भाव करत नाही. चोरलेलं आधार कार्डही बऱ्याचदा आधी फसलेल्या एखाद्या खऱ्या जवानाचंच असतं. हा 'फौजी' म्हणतो, पैसे पाठवलेत, स्वीकारायला पिन टाका; प्रत्यक्षात त्यानं तुमच्याकडंच पैसे मागितलेले असतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नाही, एवढी एकच गोष्ट पक्की ठाऊक असती तर देशातले अर्धे सौदे वाचले असते. २०१६ साली यूपीआय आलं; दुसऱ्याच्या खात्यातून पैसे 'मागवायची' ही सोय दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात बंद करायला राष्ट्रीय भुगतान निगमाला ऑक्टोबर २०२५ उजाडला. भोक कुठं आहे ते दिसत असताना बुजवायला इतकी वर्षं. आमच्या इथला पाझर तलाव यापेक्षा लवकर दुरुस्त होतो, आणि त्याचं कंत्राट कुणाकडं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

असल्या ठगांना धरायला एप्रिल २०२३ मध्ये हरियाणाच्या पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या चौदा गावांवर एका रात्रीत पाच हजार पोलीस घातले. सव्वाशेच्या आसपास माणसं ताब्यात घेतली आणि देशभरातल्या सुमारे २८ हजार प्रकरणांचे, शंभर कोटींच्या वरच्या फसवणुकीचे धागे तिथं जुळवले. तेव्हा टीव्हीवर, सायबर ठगीसाठी बदनाम झालेल्या झारखंडातल्या जामताड्यावरून, 'नवं जामताडा' म्हणून दोन दिवस गजर झाला. लोकांना वाटलं, मुळावर घाव बसला. पण हे काय गवत आहे का उपटायला? ज्या मातीत ते उगवतं तिचं काय?

त्या मातीचे मालक कोण, ते बघू.

पैसे गेल्यावर पहिला नंबर पोलिसांचा. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक चांगला आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. लवकर फोन लागला आणि पैसा वाटेत असला तर तो थांबतोसुद्धा. आबांनी फोन केला दुसऱ्या दिवशी, कारण पहिला दिवस त्यांनी माझी वाट बघण्यात घालवला: गाडी येतच असेल. तोवर पैसा तिसऱ्या खात्यात जाऊन एटीएममधून बाहेर पडला होता. मी स्वतः ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदारानं विचारलं, "तुमचे किती गेले?" म्हटलं, माझे नाही गेले, माझं नाव गेलं. तो सभ्य माणूस होता, हसला नाही. म्हणाला, "सर, मग तक्रार कशाची लिहू?"

तक्रार कशाची ते कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख चोरण्याचं एक कलम आहे आणि संगणकाच्या आडून तोतयेगिरी करून फसवण्याचं एक. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कायद्याचं ७८ वं कलम म्हणतं, तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. आता ग्रामीण ठाणी आठवा. कितीतरी ठाण्यांचा कारभारीच सहायक पोलीस निरीक्षक असतो. म्हणजे ज्या ठाण्यात तक्रारदार पायी जाऊ शकतो, तिथं तपास करू शकणारा माणूस नाही. कायदा २००० सालचा, दुरुस्ती २००८ ची. तेव्हा संगणक शहरात होता. आता तो प्रत्येक बांधावर आहे आणि निरीक्षक आहे तिथंच आहे. नवी मुंबईत महापेला राज्यानं ८३७ कोटींचा सायबर प्रकल्प उभा केला. उत्तम. महापेहून परंड्याला एसटी किती वाजता आहे, तेवढं कुणीतरी आबांना सांगावं.

दुसरा नंबर बँकेचा. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं होतं. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच घोळ केला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा नाही. ऐकायला छान. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. आणि आबांच्या बाबतीत तर बोलायलाच नको; पैसे आबांनी 'स्वतः पाठवले'. पिन त्यांचा, बोट त्यांचं. बँकेच्या दृष्टीनं ही चोरी नाहीच, हा व्यवहार आहे, यशस्वी व्यवहार. स्क्रीनवर हिरवी खूणसुद्धा आली होती.

२०२५ च्या जूनअखेरपासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं बँकेतलं खरं नाव दिसलंच पाहिजे, असा नियम झाला. आबांना नाव दिसलं होतं. कुठलंतरी परप्रांतीय नाव. त्यांनी 'मला' विचारलंही, हे कोण? 'मी' उत्तर दिलं: टेम्पोवाल्याचा पुतण्या.

इथं मला विलायतेचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, कारण 'असं सगळीकडंच चालतं' हे पालुपद फार झालं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे: फसवून तुमच्याच हातानं पैसे पाठवायला लावले, तरी बँकेनं ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. निम्मी पाठवणाऱ्या बँकेनं सोसायची, निम्मी ज्या बँकेत ठगाचं खातं होतं तिनं. या 'निम्मी तिनं' मध्ये सगळी मेख आहे. ठगाचं खातं उघडणाऱ्या बँकेच्या खिशाला चटका बसला की ती खातं उघडताना माणसाचं तोंड बघायला लागते. सिंगापूरनं डिसेंबर २०२४ मध्ये फिशिंगच्या नुकसानीत बँकांबरोबर मोबाइल कंपन्यांनाही वाटेकरी केलं. तिथली माणसं आमच्यापेक्षा हुशार आहेत म्हणून नाही. तिथं कुणीतरी विचारलं, जामीन कोण? आमच्याकडं तो प्रश्न बाजारातल्या दलालालाही विचारतात. बँकेला विचारायची छाती नाही.

तिसरा नंबर ज्यांच्या जागेत हा बाजार भरतो त्यांचा. बाजार समितीच्या आवारात आडत्याला परवाना लागतो, फी लागते, दफ्तर लागतं. फेसबुकच्या आवारात काहीच लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेनं फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली. त्यात कंपनीचाच अंदाज होता की २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे दहा टक्के हिस्सा, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल. रुपयात सव्वा लाख कोटींच्या वर. जाहिरातदार ठग असल्याची ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला हाकलायचं. त्याहून कमी संशय असेल तर त्याच्याकडून जाहिरातीचा जादा दर घ्यायचा. कंपनी म्हणते, तो अंदाज ढोबळ होता, फुगलेला होता, आम्ही फसवणुकीविरुद्ध लढतो. असेल. पण संशयित चोराकडून जास्त भाडं घेणारा धर्मशाळेचा मालक आमच्याकडं लढवय्या म्हणून ओळखला जात नाही. त्याला वेगळा शब्द आहे, संपादक छापणार नाहीत.

त्याच २०२४ साली भारतातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, हे सरकारनं संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी ७,४६५ कोटी होते. एका वर्षात तिप्पट. सोयाबीनचं उत्पन्न असं वाढलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते.

कायद्यात या कंपन्यांना ७९ व्या कलमाची छत्री आहे: आम्ही फक्त मध्यस्थ, लोक काय करतात ते लोकांनी बघावं. २०२१ च्या नियमांनी त्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावला, तोतयेगिरीची तक्रार आली तर चोवीस तासांत हालचाल करायला सांगितलं. माझ्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला मी ईमेल केला. उत्तर मिनिटात आलं, इतकं झटपट की ते माणसानं लिहिलेलं नाही हे कळावं. आपली तक्रार आम्हाला मोलाची आहे, असं त्यात होतं. मोल किती ते लिहिलं नव्हतं.

या सगळ्यांनी मिळून आमच्यासाठी एक गोष्ट मात्र मनापासून केली: जागरूकता. फोन लावला की आधी अमिताभ बच्चन. २०२५ च्या जूनपर्यंत कितीतरी महिने त्या भारदस्त आवाजानं आम्हाला बजावलं. बँकेत पोस्टर, ठाण्यात पोस्टर, शाळेत 'सायबर सप्ताह' आणि निबंध स्पर्धा. जागरूकता वाईट नाही. पण तिचा हिशेब काढा: चूक टाळायचं काम माझं, चूक झाली तर नुकसान माझं, वर लाजही माझी. पूल पडला तर 'पोहायला शिका' असं पोस्टर लावणाऱ्या बांधकाम खात्याला तुम्ही काय म्हणाल?

आणि सावध राहायचं म्हणजे किती? 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल गावाच्या ग्रुपवर येते. ती पाठवणारा नंबर सरपंचाचा असतो, कारण सरपंचाचा फोन आधीच गेलेला असतो. उघडली की एसएमएस वाचायचा हक्क तिच्या हातात, आणि तीच फाइल तुमच्या नावानं पुढच्या शंभर जणांना. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. हप्ता अडकला की माणूस चार दिवस सेतू केंद्राच्या दारात उभा राहतो. त्यानं ती फाइल उघडली यात नवल नाही, न उघडली तर नवल. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीच्या वेळी खोट्या वेबसाइट निघाल्या, सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या इतक्या निघाल्या की केंद्राच्या मंत्रालयाला पुन्हा पुन्हा खुलासे काढावे लागले. खरी सरकारी साइट निम्मा वेळ उघडत नाही, खोटी एका टिचकीत उघडते. मग माणूस कुठं फॉर्म भरणार?

आता आपल्याही घरात डोकावू, नाहीतर हा लेख सगळा दुसऱ्यांवर ढकलल्यासारखा होईल. आबांचा पैसा ज्या खात्यांतून गेला ती खाती ठगाची नसतात. ती भाड्याची असतात. कुणा बेकार पोराला, ऊसतोडीहून परतलेल्या मजुराला पाच-दहा हजार देतात आणि पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड घेऊन जातात. पोलिसांच्या भाषेत म्यूल खातं, म्हणजे खेचर. असली खेचरं झारखंडातच मिळतात अशा भ्रमात राहू नका. चौकात बसून मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांना कुणीतरी 'कमिशन'बद्दल विचारून गेलेलं असतं. पोरगा म्हणतो, माझ्या खात्यात काहीच नसतं, त्यांनी वापरलं तर काय बिघडलं? बिघडतं ते सहा महिन्यांनी, परराज्यातले पोलीस दारात आल्यावर. आणि याचंही उलटं टोक आहे. खरी शेळी विकणाऱ्याच्या खात्यात गिऱ्हाइकानं चोरीच्या साखळीतले पैसे टाकले, तर त्या बिचाऱ्याचं खातं गोठतं. ठग मोकळा, मधला शेळीवाला अडकला. तेव्हा मात्र बँकेला तिची जबाबदारी लगेच आठवते.

ग्रुप मी बंद केला नाही. चार जणांनी सुचवलं. पण बंद करून लोक जाणार कुठं? बाजाराला जायचं तर टेम्पोचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली आणि दलालाचं वेगळं. ग्रुपवर परंड्याची शेळी उमरग्याला घरबसल्या विकते, हे खरंच चांगलं आहे. मी फक्त एक नियम घातला: इसार फोनवर नाही. जनावर डोळ्यानं बघायचं, मग पैसे. आठ दिवसांत ग्रुपमधली साठ-सत्तर माणसं निघून गेली. दुसरा ग्रुप निघाला, तिथं असले नियम नाहीत. त्याचा ॲडमिन कोण आहे, मला ठाऊक नाही. बहुधा तिथल्या माणसांनाही नसावं.

लोहाऱ्याच्या पोरानं मला ब्लॉक केलं. आबा मात्र आले. श्रावणात, एसटीनं, न कळवता. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. ठगाला शिव्या नाहीत, पोलिसांना नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, नाव तुमचं होतं."

या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अख्ख्या साखळीत एकही माणूस असा नव्हता जो म्हणेल की हे माझ्याकडं लागलं. बँक नाही, कंपनी नाही, ठाणं नाही. मी आबांना वाड्यात नेलं आणि म्हटलं, यातली एक गाभण घेऊन जा. नको नको म्हणत त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि कामाला लागले. तीन शेळ्या बाजूला काढल्या. एकीचा जबडा उघडून दात मोजले, कास चाचपली, चार पावलं चालवून बघितली. तिला दावं लावलं. मग माझ्याकडं वळून, अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं:

"ही तुमचीच कशावरून?"

मी शेळीचा कान वर करून बिल्ला दाखवला. आबांनी खिशातून चष्मा काढला आणि बाराही आकडे एकेक करून वाचले.